चौदा ऑन, चौदा ऑफ : समुद्रावरच्या बारा तासांचा हिशेब

समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर नोकरी करतो असे सांगितले की लोक पहिल्यांदा पगार विचारतात आणि मग सुट्टी. पगाराचा आकडा ऐकून भुवया वर जातात, सुट्टीचा ऐकून हेवा वाटतो. चौदा दिवस काम आणि चौदा दिवस घरी! मी चोवीस वर्षे उत्पादन विभागात ही नोकरी केली आणि हा हेवा भरपूर अनुभवला. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. मात्र हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला काय काय मांडायचे, हे फारसे कोणी विचारत नाही. नोकरी धरणारा तर नाहीच, कारण तो बहुधा पंचविशीत असतो आणि पंचविशीत शरीर उधारीवर सगळे देते.

आधी जागेविषयी. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, साधारण ७५ मीटर खोल पाण्यात मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे. ‘सागर सम्राट’ या जपानमध्ये बांधलेल्या जहाजरिगने तेथे १९७४ च्या फेब्रुवारीत तेल शोधले आणि २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. किनाऱ्यावरून हे काही दिसत नाही. तेल आणि वायू समुद्रतळावरच्या नळांतून उरणला येतात, आणि आपल्या घरातल्या गॅसच्या शेगडीचा या क्षेत्राशी काही संबंध असेल हे बहुतेक मुंबईकरांच्या ध्यानीही नसते. समुद्रतळात रोवलेल्या पोलादी पायांवर मजल्यांवर मजले चढवलेला हा एक कारखाना असतो. त्याला जोडून राहण्याची इमारत, वर हेलिकॉप्टर उतरण्याची गच्ची, आणि थोड्या अंतरावर अष्टौप्रहर जळणारी फ्लेअरची ज्योत. विहीर रात्री झोपत नाही, म्हणून माणसांनी पाळ्या लावायच्या. प्रश्न एवढाच, की पाळी आठ तासांची असावी की बारा?

कारखान्याचा अनुभव असणारा कोणीही म्हणेल, आठ. जमिनीवर ते बरोबर आहे. समुद्रावर मात्र पाळी संपल्यावर जायला घर नसते. आठ तास काम करून उरलेले सोळा तास माणूस त्याच पोलादी पेटीत काढणार. एका जागेवर चोवीस तास माणूस हवा असेल तर बारा तासांच्या पाळीत प्लॅटफॉर्मवर दोघे पुरतात, आठ तासांच्या पाळीत तिघे लागतात. म्हणजे दीडपट बिछाने, दीडपट पाणी, दीडपट जेवण, हेलिकॉप्टरच्या दीडपट खुर्च्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लाइफबोटीत दीडपट जागा आणि आग लागली तर दीडपट माणसे धोक्यात. बारा तासांच्या पाळीला मालकाची काटकसर कारण आहेच, पण धोक्याच्या जागी कमीत कमी माणसे ठेवावीत हेही एक प्रामाणिक कारण आहे. ही बाजू कामगार संघटनांच्या भाषणांत क्वचितच येते, म्हणून ती आधी मांडली.

आणखी एक कारण आहे, ते मला तेथे काम करू लागल्यावरच उमगले. आठ तासांच्या पाळीत दिवसातून तीन वेळा काम एका हातातून दुसऱ्या हातात जाते, बारा तासांच्या पाळीत दोन वेळा. याला आम्ही हँडओव्हर म्हणतो. कोणता पंप बंद आहे, कोणता व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला आहे, कुठले परमिट अजून उघडे आहे, हे जाणाऱ्याने येणाऱ्याला सांगायचे असते. ऐकायला सोपे वाटते. पण सांगणारा बारा तास उभा राहून दमलेला आणि ऐकणारा नुकता झोपेतून उठलेला, अशी ती गाठ असते.

६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातला पायपर अल्फा हा प्लॅटफॉर्म जळाला आणि १६७ माणसे गेली. त्या दिवशी एका पंपाचा सुरक्षा-व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि त्या जागी नुसती झाकणी बसवली होती. काम अपुरे राहिले. संध्याकाळी सहाला पाळी बदलली. व्हॉल्व्ह जागेवर नाही ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोचली नाही. पावणेदहाच्या सुमारास दुसरा पंप बंद पडला, तेव्हा रात्रपाळीने पहिला सुरू करायला घेतला, आणि दहाच्या सुमारास स्फोट झाला. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालात पुढे १०६ शिफारशी आल्या आणि कामाच्या परमिटची पद्धत जगभर कडक झाली. आमच्या प्रशिक्षणात ही घटना इतक्या वेळा येई, की काही जण तिला ‘पोथी’ म्हणत. पण त्या पोथीतला एक अध्याय पाळीविषयी आहे. लांब पाळी हँडओव्हर कमी करते, आणि जे दोन उरतात ते दमलेल्या माणसाच्या तोंडी सोपवते.

दमणे म्हणजे नेमके किती? सायमन फोकार्ड आणि फिलिप टकर या ब्रिटिश अभ्यासकांनी अनेक कारखान्यांतल्या अपघातांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या. आठ तासांच्या पाळीच्या तुलनेत बारा तासांच्या पाळीत अपघाताची जोखीम साधारण पाव हिश्शाने जास्त निघाली, आणि सकाळच्या पाळीच्या तुलनेत रात्रपाळीत सुमारे तीस टक्क्यांनी जास्त. हे आकडे मुख्यतः जमिनीवरच्या कामाचे आहेत, ते जसेच्या तसे समुद्रावर लावता येणार नाहीत. मात्र दिशा आमच्या अनुभवाशी जुळते. दहाव्या तासानंतर माणूस चुका करतोच असे नाही, पण तो दुसऱ्याची चूक पकडायचा थांबतो. गेज वाचतो, आकडा लिहितो, आणि तो आकडा कालच्यापेक्षा वेगळा का आहे हे विचारत नाही.

आता चौदा दिवसांकडे येऊ. चौदाच का, सात का नाहीत? सात दिवसांनी माणसे बदलली तर दमणूक साचणार नाही, घरही फार दुरावणार नाही. पण मग हेलिकॉप्टरच्या फेऱ्या दुप्पट होतील, आणि समुद्रावरच्या नोकरीतला मोठा धोका प्लॅटफॉर्मइतकाच तिथवरच्या प्रवासात असतो. जुहूच्या विमानतळावरून चॉपर सुटते. २००३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई हायकडे जाणारे एक हेलिकॉप्टर समुद्रात कोसळून २७ जण गेले. १३ जानेवारी २०१८ रोजी आणखी एक पडले, त्यातले सातही जण गेले. २८ जून २०२२ रोजी ‘सागर किरण’ रिगजवळ एक पाण्यात उतरले, तेव्हा नऊपैकी चौघे वाचले नाहीत. म्हणून प्रत्येकाला हेलिकॉप्टर बुडाल्यास बाहेर कसे पडायचे याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. गोव्यात बेतूलला ओएनजीसीची पेट्रोलियम सुरक्षेची संस्था आहे, समुद्रावर जीव वाचवण्याचे धडे तेथे मिळतात. हेलिकॉप्टरची प्रतिकृती माणसांसकट तलावात बुडवून उलटी करतात. पट्टा सोडायचा, खिडकी ढकलायची, वर यायचे. नाकातोंडात पाणी जाऊन दिशाच कळेनाशी होते, आणि वर कुठे आहे हे हाताने चाचपून ठरवावे लागते. ज्याने हे एकदा केले, तो आठवड्याला चॉपरने ये-जा करायची मागणी सहसा करत नाही.

म्हणजे प्रत्येक सोय दुसऱ्या कुठल्या तरी गैरसोयीच्या बदल्यात मिळते. पाळी लहान केली की माणसे वाढतात. मुक्काम लहान केला की उड्डाणे वाढतात. मुक्काम लांबवला की शरीर आणि घर किंमत मोजतात. कुठला तरी तोटा पत्करावाच लागतो. वाद फक्त तो कोणी पत्करायचा, एवढाच.

शरीराच्या किमतीबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण येथे एक विचित्र गोष्ट आहे. जमिनीवर रातपाळी करणाऱ्याचे शरीर रात्रीला सहसा सरावत नाही. तो सकाळी सुटतो तेव्हा डोळ्यांवर ऊन येते, घरी दूधवाला, भांडी, मुलांची शाळा, शेजारच्या मांडवाचा लाउडस्पीकर. त्याचे शरीर कायम दिवसालाच बांधलेले राहते. समुद्रावर मात्र रातपाळीचा माणूस ऊन न पाहता ट्यूबलाइटच्या बोळातून थेट बिनखिडकीच्या खोलीत जाऊन झोपू शकतो. त्याला उठवायला कोणी येत नाही. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठात जोसेफिन आरेंट यांच्या गटाने उत्तर समुद्रातल्या कामगारांच्या लघवीतून मेलॅटोनिन या झोपेच्या संप्रेरकाचा माग काढला, तेव्हा दिसले की सलग रातपाळ्या करणाऱ्यांचे शरीरघड्याळ पहिल्या आठवडाभरात खरोखरच सरकत जाते. दिवस रात्र होतो, रात्र दिवस.

ही चांगली बातमी वाटते, पण गोम पुढे आहे. अनेक ठिकाणी पद्धत अशी, की चौदा दिवसांपैकी सात रात्री आणि मग सात दिवस. सातव्या रात्री शरीर कुठे जुळवून घेत असते, तोच त्याला उलटे फिरवायचे. नॉर्वेतल्या अभ्यासांतही आढळले की रात्रीला सरावण्यापेक्षा रात्रीतून दिवसाकडे परतणे कामगारांना जड गेले. मग ही पद्धत ठेवतात कशाला? कारण मागून येणारे सात दिवस त्याला पुन्हा माणसांत आणतात आणि तो घरी जातो तेव्हा रात्री झोपतो. सलग चौदा रात्री केल्या तर प्लॅटफॉर्मवर तो ताजातवाना राहील, पण घरी पोचल्यावर पहिले चार-पाच दिवस रात्री दोनला टक्क जागा आणि दुपारी जेवताना पेंगुळलेला. ब्रिटनच्या सुरक्षा खात्यासाठी ऑक्सफर्डच्या कॅथरिन पार्क्स यांनी या पद्धतींची वर्षानुवर्षे तुलना केली. त्यातला मला कळलेला अर्थ असा : सुरक्षेच्या दृष्टीने सलग एकच पाळी बरी, आणि कामगार स्वतः मात्र बहुधा सात-सात मागतात. ते अडाणी आहेत म्हणून नव्हे. झोपेचे देणे कुठे तरी फेडायचेच आहे, तर ते समुद्रावर फेडून मोकळे व्हावे, बायकोमुलांच्या वाट्याला येऊ नये, असा त्यांचा हिशेब असतो. माझाही तोच होता. आजही मला तो चुकीचा वाटत नाही, पण त्यात सुरक्षेची थोडी किंमत दिली जाते हे मान्य करायला हवे.

दूरच्या परिणामांविषयी एकच नोंद. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रातपाळीच्या कामाला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले आणि २०१९ मध्ये तेच मत कायम ठेवले. ‘बहुधा’ या शब्दावर रातपाळीचा भत्ता ठरत नाही.

घराच्या किमतीला आकडे नाहीत, पण कॅलेंडर आहे. नवे कालनिर्णय भिंतीवर लागले की ऑफशोअरवाल्याच्या घरी पहिले काम एकच : वर्षभराचे चौदा-चौदा दिवसांचे चौकोन पेन्सिलीने आखायचे. मग गणपती कुठे येतात, दिवाळी कुठे, परीक्षा कुठे, ते पाहायचे. चौदा आणि चौदा मिळून अठ्ठावीस, म्हणजे नेमके चार आठवडे. त्यामुळे जायचा वार वर्षानुवर्षे तोच राहतो आणि वर्षातले सव्वीस रविवार समुद्रावर जातात. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देण्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा कुठे १८९० मध्ये ती मिळाली. आम्ही त्यातली अर्धी परत देऊन टाकली आणि त्या बदल्यात सोमवार-मंगळवारचा ढीग घेतला. व्यवहार तोट्याचा नव्हे. पण मुलांची शाळा सोमवारीच असते.

या चौकोनांत एक गणिती खोच आहे, ती मी एका रिकाम्या रातपाळीत मांडून पाहिली होती. ३६५ दिवस म्हणजे अठ्ठावीसचे तेरा फेरे आणि वर एक दिवस. म्हणून इंग्रजी तारखेचा कुठलाही दिवस दर वर्षी या चक्रात फक्त एक घर पुढे सरकतो, लीप वर्षी दोन. मुलाचा वाढदिवस जर जाण्याच्या पहिल्याच दिवशी आला, तर तो चौदा घरे ओलांडून माझ्या घरच्या दिवसांत यायला सुमारे अकरा वर्षे लागतात. बाप पहिल्या अकरा वाढदिवसांना समुद्रावर! आणि त्याच्या जागी येणारा जो रिलीव्हर, त्याच्या घरी तीच तारीख असेल तर तो अकराही वर्षे हजर. तिथीने येणाऱ्या सणांचे तसे नाही. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे, त्यामुळे दिवाळी चक्रात दर वर्षी अठरा घरांची उडी मारते आणि अधिक महिन्याच्या वर्षी साधारण वीस घरांची. ती कधी समुद्रावर येते, कधी घरी, आणि लांबच्या पल्ल्यात वाटणी बरीच न्याय्य होते. संक्रांत सौर तिथीची, म्हणून ती वाढदिवसाच्याच पंगतीतली. प्रत्यक्षात रजा, प्रशिक्षण आणि रिलीव्हरशी केलेल्या अदलाबदली यांनी हे चक्र मधूनमधून मोडते. अदलाबदल हे आमच्यातले खरे चलन होते. ‘तू माझा गणपती घे, मी तुझी ईद घेतो,’ एवढ्या बोलीवर ते चाले आणि सहसा कोणी शब्द मोडत नसे.

कोकणाला हे सगळे नवे नाही. गिरणीतला चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी येई, बाकीचे वर्ष मनिऑर्डर येई. त्यांच्यापेक्षा ऑफशोअरवाला कितीतरी जास्त घरी असतो. मात्र चाकरमान्याचे घर त्याच्याशिवाय चालायला पक्के बसलेले असे. ऑफशोअरचे घर दर चौदा दिवसांनी दोन रीतींत बदलते. तो नसताना बायको बँक, गॅस, शाळा, सासूचे औषध, सोसायटीची सभा सगळे सांभाळते, निर्णय घेते. मग तो येतो, त्याला आपण घरचे कर्ते वाटायला हवे असते, आणि तो पहिल्याच दिवशी फ्रिजची जागा बदलायला निघतो. ऍबर्डीन हे उत्तर समुद्रातल्या तेलाचे बंदर. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे १९७० च्या दशकात अशा बायका येऊ लागल्या, तेव्हा त्यांनी या अवस्थेला ‘अधूनमधूनच्या नवऱ्याची व्यथा’ अशा अर्थाचे नावच दिले. जाण्याआधीच्या दोन दिवसांतली भांडणे हे तिचे ठळक लक्षण. आमच्याकडे असे नाव कोणी दिले नाही, पण जुहूला सकाळी रांगेत उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे पाहून कोण भांडून आला आहे ते ओळखता येई.

मोबाइल आणि इंटरनेटने यात फरक पडला, पण तो एका बाजूचा नाही. पूर्वी घरी ताप आला तर उतरल्यावर कळे. आता थर्मामीटरचा फोटो येतो, आणि रातपाळीला जायच्या आधीची चार तासांची झोप तो फोटो खातो.

आता मूळ हिशेबाकडे, म्हणजे तासांकडे. चौदा दिवस बारा तास म्हणजे १६८ तास. ते चार आठवड्यांवर पसरले तर आठवड्याला ४२. जमिनीवर सहा दिवस आठ तास काम करणारा आठवड्याला ४८ तास भरतो. म्हणजे हेवा करणाऱ्यांचे म्हणणे खरेच आहे, आमचे तास कमी. १९१९ च्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेच्या पहिल्याच करारात आठ तासांचा दिवस आणि ४८ तासांचा आठवडा आला. हिंदुस्थानने १९२१ मध्ये त्यावर सही केली, पण आपल्यासाठी ६० तासांची सवलत ठेवून. ४८ तास आपल्याकडे कारखाने कायद्याच्या १९४६ च्या दुरुस्तीने आले. १९५२ च्या खाण कायद्यातही जमिनीवरच्या कामाला आठवड्याला ४८ आणि दिवसाला नऊ तासांची मर्यादा होती. गंमत म्हणजे या कायद्याच्या व्याख्येत तेलाची विहीर ही खाणच धरली होती. खोल पाण्यावर तरंगत्या रिगवरचा माणूस कायद्याच्या भाषेत खाणकामगार!

दिवसाला नऊ आणि प्रत्यक्षात बारा, हे अंतर जगभर एका शब्दाने भरून काढतात : सरासरी. ब्रिटनमध्ये समुद्रावरच्या कामगारांचे तास ५२ आठवड्यांच्या सरासरीने मोजायची मुभा आहे. त्याच सरासरीच्या तर्काचा पुढचा पेच २०११ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. कामगार म्हणाले, दोन आठवडे किनाऱ्यावर असतो ती आमच्या पाळीची उलटी बाजू आहे, वार्षिक भरपगारी रजा त्यातून कापू नका, ती वेगळी द्या. न्यायालयाने मालकांच्या बाजूने निकाल दिला. त्या दिवसांत काम नसते ना, मग ती रजा धरता येते. कायद्याने निकाल बरोबर असेल. पण घरचे पहिले तीन दिवस झोपेचे देणे फेडण्यात जातात आणि शेवटचे दोन निघण्याच्या तयारीत. सरासरी कागदावर काढता येते. शरीर मात्र प्रत्येक दिवसाचा हिशेब त्याच दिवशी मागते. अकराव्या दिवसाच्या अकराव्या तासाला पुढच्या महिन्याची विश्रांती उपयोगी पडत नाही.

तरीही चौदा-चौदा हा सौदा मला एकंदरीत रास्त वाटतो. नॉर्वेत दोन आठवडे काम आणि चार आठवडे घर अशी पद्धत रुळली आहे, ती आपल्याला लगेच मिळणार नाही. पण आपला सौदाही समजून घेऊन पत्करण्याजोगा आहे, बरोबरीच्या अटीवर. जेवढे दिवस समुद्र, तेवढे दिवस जमीन. ही बरोबरी मोडली की सगळे गणित कोसळते, आणि ती मोडते कोणासाठी, हे आतापर्यंत मुद्दाम मागे ठेवले.

प्लॅटफॉर्मवर सगळेच चौदा-चौदावर नसतात. कायम नोकरीतला ऑपरेटर असतो. त्याच्याच बाजूला कंत्राटाचा वेल्डर, फिटर, रंगारी, स्वयंपाकी, साफसफाईवाला असतो. मोठी दुरुस्ती आणि बांधकाम पावसाळा सोडून, समुद्र शांत असताना उरकायचे असते. त्या हंगामात शेकडो माणसे आणतात आणि तरंगत्या बार्जवर ठेवतात. २८ दिवस काम आणि १४ दिवस सुट्टी असा करार धरला, तर सहा आठवड्यांत ३३६ तास, म्हणजे आठवड्याला ५६. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मिळून दाखवले, की ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. एकाच शिडीवर उभे असलेले दोघे, पाळी दोघांची बारा तासांचीच, आणि ही रेषा दोघांच्या मधून जाते. तीही २८ दिवसांत सुटणाऱ्यांची गोष्ट. मला बार्जवर भेटलेले कितीतरी जण दोन-दोन, तीन-तीन महिने तेथेच होते. घरी गेलेल्या दिवसांचे त्यांना पैसे मिळत नसत, म्हणून तेही लवकर सुटायची मागणी करत नसत. ‘साहेब, घरी बसून काय खाणार?’ हा प्रश्न मी बिहारच्या हिंदीत ऐकला आणि देवगडच्या मालवणीतही.

समुद्रावर काही बिघडले तर कायम आणि कंत्राटी असा भेद उरत नाही, हे खरे आहे. २७ जुलै २००५ रोजी, मुंबई पाण्यात बुडाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ‘समुद्र सुरक्षा’ जहाजावर स्वयंपाकघरातल्या एकाची बोटे कापली. त्याला उपचारासाठी मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर चढवायचे होते. पावसाळी लाटांत जहाज वायूच्या नळांवर आदळले आणि सुमारे दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म जळून गेला. २२ जण गेले, ३६२ वाचले. कापलेल्या बोटांसारखी गोष्ट जमिनीवर दवाखान्यात संपते. पण १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात पी-३०५ हा बार्ज बुडाला, तेव्हा त्यावरच्या २६१ जणांपैकी सत्तरहून अधिक गेले, आणि तो बार्ज होता प्रामुख्याने कंत्राटी कामगारांच्या राहण्याचा. म्हणजे धोका सर्वांना सारखा असला तरी त्या धोक्यात कोण किती दिवस उभा असतो, हे सारखे नसते.

प्रत्येक प्लॅटफॉर्मवर आणि बार्जवर रोज एक यादी निघते. आज येथे किती माणसे आहेत, ती. भोंगा वाजला की तिच्यावरून हजेरी घेतात, आणि एक नाव कमी भरले तरी शोध सुरू होतो. यादी काटेकोर असते, तिच्याशी कोणी खेळत नाही. तिच्यात नाव असते, कंपनी असते, बिछान्याचा आणि लाइफबोटीचा क्रमांक असतो. हा माणूस आज येथे सलग कितव्या दिवशी आहे, असा रकाना मी पाहिलेल्या याद्यांत नव्हता. तो घालायला नवे यंत्र लागत नाही की नवा कायदा. माणूस ज्या दिवशी चॉपरमधून उतरला, किंवा क्रेनला टांगलेल्या दोरांच्या टोपलीतून वर आला, ती तारीख आधीच कुठे तरी लिहिलेली असते. ती वजा करायची, एवढेच. रोज सकाळी परमिटवर सही करणाऱ्याच्या समोर तो आकडा आला, तर साठाव्या दिवशी उभ्या असलेल्या वेल्डरला उंचीवरच्या कामाला पाठवताना त्याला निदान एकदा थांबावे लागेल.